दक्षिण आफ्रिका: वर्णभेदाचे कायदे गेले, त्यांनी मिळवून दिलेली मिळकत राहिली

पांथस्थ (धागालेखक)

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट १९९४ साली संपली, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. राज्यसत्तेपुरते ते पूर्ण खरे आहे. त्या वर्षी २७ एप्रिलला सर्व वर्णांच्या प्रौढ नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले आणि १० मे रोजी नेल्सन मंडेला यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. परंतु त्यानंतर तीस वर्षे उलटूनही तिथली बेरोजगारी कृष्णवर्णीयांमध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास आणि गोऱ्यांमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास का, हा प्रश्न मला बराच काळ छळत आला आहे. त्याचे मला पटलेले उत्तर या धाग्यात मांडतो. मतभेद असतील तर ते जरूर लिहावेत.

कायदे रद्द होण्याच्या कितीतरी आधीच त्या कायद्यांनी दिलेला लाभ जमीन, घर, शिक्षण आणि निवृत्तिवेतन यांत मुरून गेला होता, आणि सत्तांतराच्या वाटाघाटींत संरक्षण मिळाले ते नेमके याच गोष्टींना. त्यामुळे आज तो लाभ टिकवण्यासाठी कोणी मनातून वर्णद्वेष्टा असण्याची गरज उरलेली नाही. सगळ्यांनी कायदा पाळला, शेजाऱ्याशी सभ्यतेने वागले, मुलांसाठी चांगली शाळा निवडली आणि घर वारसाने दिले, एवढ्यानेही तो पुढच्या पिढीच्या हाती जातो.

सुरुवात जमिनीपासून करतो. १९१३ च्या नेटिव्ह लँड ॲक्टने देशाची सुमारे ७ टक्के जमीन कृष्णवर्णीयांसाठी राखली आणि त्याबाहेर जमीन विकत घेण्यास त्यांना बंदी केली. १९३६ साली हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरले. म्हणजे १९४८ साली मलान यांचा नॅशनल पक्ष निवडून आला आणि वर्णभेद हे अधिकृत धोरण झाले, तेव्हा जमिनीचा प्रश्न बव्हंशी निकालात निघालेला होता. पुढे १९५० च्या ग्रुप एरियाज ॲक्टने शहरांची वाटणी केली. जोहान्सबर्गमधील सोफियाटाउन १९५५ पासून रिकामे करण्यात आले आणि त्या जागी गोऱ्यांची वसाहत उभारून तिला ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय, असे नाव देण्यात आले. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव म्हणून घोषित झाली आणि तिथून सुमारे साठ हजार माणसे शहराबाहेरच्या केप फ्लॅट्सवर हलवली गेली.

या काळात एखाद्या गोऱ्या कारकुनाचे किंवा रेल्वे कर्मचाऱ्याचे काय झाले, ते पाहा. त्याला कर्ज मिळाले, शहराच्या मध्यवर्ती भागात घर मिळाले, त्या घराची किंमत चढत गेली आणि त्याच घराच्या तारणावर मुलाच्या व्यवसायासाठी भांडवल उभे राहिले. त्याच शहरात काम करणारा कृष्णवर्णीय कामगार मात्र शहराच्या कडेला कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या वस्तीतील, म्हणजे टाउनशिपमधील, सरकारी घरात भाडेकरू म्हणून राहिला, कारण तथाकथित गोऱ्या शहरांत त्याला मालकी हक्कच नव्हता. ९९ वर्षांचा भाडेपट्टा १९७८ साली आला आणि पूर्ण मालकी १९८६ साली. सोन्याच्या खाणींत १९७० च्या सुमारास गोऱ्या कामगाराचे वेतन कृष्णवर्णीय कामगाराच्या सुमारे वीसपट होते. या दोघांची मुले १९९४ साली एका रांगेत मतदानाला उभी राहिली, तेव्हा एकाच्या पाठीशी दोन पिढ्यांची मालमत्ता होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी दोन पिढ्यांच्या भाड्याच्या पावत्या.

आता समझोत्याकडे येतो. १९९२ साली जो स्लोव्हो या कम्युनिस्ट नेत्यानेच असा प्रस्ताव मांडला की, काही वर्षे गोऱ्यांच्या नॅशनल पक्षाला सत्तेत वाटा द्यावा आणि जुन्या सरकारी नोकरवर्गाच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतन यांची हमी घ्यावी, म्हणजे प्रतिक्रांतीचा धोका टळेल. देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना हा निर्णय शहाणपणाचा होता, असे मी मानतो. तरीही त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगितलेच पाहिजे. १९९६ च्या राज्यघटनेचे २५ वे कलम भूसुधारासाठी जमीन संपादन करण्यास परवानगी देते, पण नव्या सरकारने प्रत्यक्षात ‘विकू इच्छिणाऱ्याकडून बाजारभावाने खरेदी’ हे धोरण स्वीकारले. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमिनीचे फेरवाटप करण्याचे उद्दिष्ट होते. ते आधी २०१४ पर्यंत पुढे ढकलले गेले आणि तेव्हाही गाठता आले नाही. २०१७ च्या सरकारी भू-लेखापरीक्षणानुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडे, १५ टक्के मिश्र वंशाच्या ‘कलर्ड’ समाजाकडे, ५ टक्के भारतीय वंशाच्या लोकांकडे आणि केवळ ४ टक्के कृष्णवर्णीयांकडे होती. २०२२ च्या जनगणनेत गोऱ्यांची लोकसंख्या ७.३ टक्के आणि कृष्णवर्णीयांची ८१.४ टक्के आहे. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की आणखी भाष्याची आवश्यकता राहत नाही.

केशरमाती

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. तीस वर्षे हा लहान काळ नव्हे. या काळात सत्तेवर मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस होती, आणि राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या कारकिर्दीत सरकारी कंपन्या कशा पोखरल्या गेल्या, हे झोंडो आयोगाने चार वर्षे साक्षी नोंदवून जगासमोर मांडले. त्या प्रकरणातील गुप्ता बंधू मूळचे आपल्या सहारनपूरचे, त्यामुळे भारतीयांनी तर ते विसरूच नये. एस्कॉम ही वीज कंपनी डबघाईला आली आणि २०२३ साली लोकांनी दिवसातले कित्येक तास अंधारात काढले. कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सक्षमीकरणाच्या कायद्यांमुळे सत्ताधाऱ्यांच्या जवळचा एक लहानसा वर्ग अतिश्रीमंत झाला, आणि कृष्णवर्णीय समाजाच्या अंतर्गत विषमता १९९४ पेक्षा वाढली. या सगळ्याचे खापर जुन्या राजवटीवर फोडले, तर आजच्या राज्यकर्त्यांना पळवाट मिळते. तिथल्या सामान्य माणसावर हा दुसरा अन्याय ठरेल, असे मला वाटते.

पांथस्थ

केशरमाती, तुम्ही सांगितलेली प्रत्येक घटना खरी आहे आणि त्या भ्रष्टाचाराबद्दल मला तुमच्याइतकीच चीड आहे. परंतु राज्ययंत्रणा कोसळते तेव्हा तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार करावा. वीज गेली की ज्याच्याकडे बचत आहे तो छतावर सौर पट्ट्या बसवतो. पोलीस येईनासे झाले की खासगी सुरक्षारक्षक ठेवतो. सरकारी रुग्णालय ढासळले की वैद्यकीय विम्यावर खासगी रुग्णालयात जातो. असा विमा गोऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोकांकडे आहे आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दहा टक्के लोकांकडे. म्हणून नव्या सरकारच्या अपयशाने जुना विशेषाधिकार पुसला गेला नाही, उलट त्याचे मोल वाढले. ही दोन कारणे परस्परविरोधी नाहीत, ती एकमेकांना बळ देतात.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘गोऱ्यांनी कष्टाने मिळवले’ असे जे सांगितले जाते, त्याला स्वतः दक्षिण आफ्रिकेचाच इतिहास उत्तर देतो. १९३२ साली कार्नेगी आयोगाने ‘गरीब गोऱ्यां’च्या प्रश्नावर अहवाल दिला, तेव्हा सुमारे तीन लाख गोरे, बहुतांश आफ्रिकानेर (मुख्यतः डच वसाहतकऱ्यांचे वंशज), अत्यंत दारिद्र्यात होते. दुष्काळ, महामंदी आणि शेतीचे तुकडे यांनी त्यांना शहरांत लोटले होते. राज्याने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. १९२० च्या दशकापासूनच रेल्वेत कृष्णवर्णीय मजुरांना हटवून त्यांच्या जागी गोरे भरले जात होते, खाणींतील कुशल कामे कायद्याने गोऱ्यांसाठी राखली जात होती, इस्कॉर हा पोलाद कारखाना त्यांना रोजगार देत होता आणि लँड बँक गोऱ्या शेतकऱ्यांना कर्जे देत होती. एकाच पिढीत हा समाज मध्यमवर्गीय झाला. म्हणजे राज्याने मनावर घेतले तर दारिद्र्य हटते, याचा पुरावा त्याच देशात आहे. फक्त तो प्रयोग एका वर्णापुरता केला गेला आणि त्याचा खर्च दुसऱ्यांच्या वेतनातून वसूल झाला. त्या घरांतील नातवंडे आज सकारात्मक भेदभावाच्या धोरणांना विरोध करताना ‘गुणवत्ता’ हा शब्द वापरतात, तेव्हा आजोबांच्या नोकरीचा इतिहास त्यांना कोणी शिकवलेला नसतो.

जकारांडा

मी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गमध्ये राहते. शाळांबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्या मते विशेषाधिकार टिकवणारी सर्वांत भक्कम यंत्रणा तीच आहे आणि तिच्याकडे बाहेरच्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते.

१९७५-७६ साली सरकार प्रत्येक गोऱ्या विद्यार्थ्यामागे ६४४ रँड, भारतीय विद्यार्थ्यामागे १८९, कलर्ड विद्यार्थ्यामागे १३९ आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४२ रँड खर्च करत होते. बांटू एज्युकेशन ॲक्टचा १९५३ पासूनचा उघड हेतूच हा होता की, कृष्णवर्णीय मुलाला मजुरीपलीकडच्या आकांक्षा देऊ नयेत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सत्तांतर अटळ दिसू लागले, तेव्हा गोऱ्यांच्या बहुतेक सरकारी शाळांचे ‘मॉडेल सी’ नावाच्या प्रकारात रूपांतर करण्यात आले. शिक्षकांचे वेतन सरकारने द्यायचे, परंतु शुल्क आणि प्रवेश यांचा अधिकार पालकांच्या नियामक मंडळाकडे, अशी ती रचना होती. १९९६ च्या शालेय कायद्याने सर्व शाळा पुन्हा एका व्यवस्थेत आणल्या, तरी शुल्क आकारण्याचा हक्क पालकांच्या मंडळांकडेच राहिला. त्यामागे एक व्यवहार्य कारण होते: मध्यमवर्ग सरकारी शाळा सोडून गेला असता, तर सरकारवरचा भार वाढला असता.

याचा परिणाम मी रोज पाहते. आमच्या उपनगरातील सरकारी शाळेत क्रिकेटची मैदाने, पोहण्याचा तलाव, संगीताचे वर्ग आणि शुल्कातून नेमलेले जादा शिक्षक आहेत. प्रवेशासाठी शाळेच्या परिसरात राहणे लागते, आणि त्या परिसरात घर घेणे किंवा भाड्याने राहणे कोणाला परवडते, हे पूर्वीच्या ग्रुप एरियाज ॲक्टने ठरवून ठेवले आहे. आज वर्गात कृष्णवर्णीय मुले पुष्कळ आहेत, ही खरी आणि मोठी प्रगती आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. पण ती डॉक्टर, अधिकारी, व्यवस्थापक यांची मुले आहेत. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई अलेक्झांड्रा टाउनशिपमध्ये राहतात. सँडटनच्या काचेच्या मनोऱ्यांपासून अलेक्झांड्रा काही किलोमीटरवर आहे, मध्ये फक्त एक महामार्ग. त्यांची नात जाते ती शाळा निःशुल्क आहे आणि तिथे वर्गात मुलांना बसायला पुरेशी बाके नाहीत. दोन्ही शाळा सरकारी आहेत, दोन्हींचा अभ्यासक्रम एक आहे आणि दोन्हींतील मुले बारावीला एकच परीक्षा देतात.

प्रवेश मिळाल्यानंतरही प्रश्न संपत नाही. २०१६ साली प्रिटोरियातील मुलींच्या एका नामांकित शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली. नैसर्गिक कुरळे केस ‘अव्यवस्थित’ ठरवणारे नियम त्यांना सांगत होते की, शाळेचे दार उघडले असले तरी व्यवस्थितपणाचा मापदंड अजून जुनाच आहे. २०२४ च्या शिक्षण दुरुस्ती कायद्याने प्रवेश आणि भाषाधोरण यांवर प्रांतिक शिक्षणखात्याला अंतिम अधिकार दिला, त्यावर जो गदारोळ झाला तो पाहिला की या अधिकाराची खरी किंमत कळते.

समुद्रपक्षी

जकारांडा यांनी दिलेल्या आकड्यांत भारतीय विद्यार्थ्याचे १८९ रँड आहेत, त्याकडे मराठी वाचकांनी थांबून पाहावे. गोऱ्यांच्या तुलनेत तो तिसरा हिस्साही नाही, परंतु कृष्णवर्णीयांच्या चौपटीहून अधिक आहे. वर्णभेदाची इमारत अशी पायऱ्यांनी बांधली होती की, प्रत्येकाला वरच्याकडून होणारा अन्याय दिसावा आणि खालच्याहून मिळालेला फायदा दिसू नये.

आपल्या लोकांचा तिथला लढा मोठा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. १८६० पासून नाताळच्या ऊसमळ्यांत आलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी, अपार हाल सोसले. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली तिकडे गेले, ते गिरमिट संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांच्या कराविरुद्ध बोलण्यासाठी. रत्नागिरी आणि रायगडकडचे कोकणी मुसलमान केपटाउनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थायिक झाले, आणि डिस्ट्रिक्ट सिक्समधून उखडल्या गेलेल्यांत त्यांचीही कुटुंबे होती. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारसंबंध तोडले आणि तिथल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९८४ साली भारतीय आणि कलर्ड यांना वेगळी सभागृहे देऊन कृष्णवर्णीयांना वगळणारी त्रिसदनी संसद आली, तेव्हा भारतीय मतदारांच्या फार मोठ्या भागाने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला.

तरीही वर्तमानकाळाकडे पाहिले पाहिजे. भारतीय वंशाचे लोक आज लोकसंख्येच्या २.७ टक्के आहेत, आणि रोजगार समता आयोगाच्या अलीकडच्या अहवालांत वरिष्ठतम व्यवस्थापनातील त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास दिसतो. गोऱ्यांचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक आहे, कृष्णवर्णीयांचा सुमारे १७ टक्के. यात कष्ट आहेत, शिक्षणाची ओढ आहे, हे सगळे खरे. पण व्यापार करण्याची मर्यादित का होईना मुभा, तुलनेने बऱ्या शाळा आणि १९५९ नंतर वेगळे विद्यापीठही मिळाले, हेही तितकेच खरे.

डरबनच्या नियोजनकर्त्यांनी चॅट्सवर्थ आणि फिनिक्स या भारतीयांच्या वसाहती गोऱ्या उपनगरांच्या आणि कृष्णवर्णीय टाउनशिपांच्या मध्ये बसवल्या. जुलै २०२१ मध्ये झुमा यांच्या तुरुंगवासानंतर दंगली उसळल्या आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी ३६ जण फिनिक्समध्ये आणि आसपास मारले गेले, बहुतेक कृष्णवर्णीय, आणि आरोपी प्रामुख्याने रस्ते अडवून बसलेले भारतीय रहिवासी होते. त्या वेळी पोलीस कुठे होते, हा रास्त प्रश्न आहे. पण लुटीच्या भीतीने ज्यांनी शस्त्र उचलले त्यांच्यासमोर उभा राहिलेला माणूस शेजारच्या इनांडा या कृष्णवर्णीय वस्तीचा होता, जिथे गांधीजींनी १९०४ साली फिनिक्स आश्रम उभारला. दोन वस्त्यांमधले हे अंतर नकाशावर आखणारे सरकार सत्तावीस वर्षांपूर्वी गेले होते.

अनुज्ञा

सत्य आणि सलोखा आयोगाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९९६ पासून वर्णभेदाच्या काळातील छळ, खून, अपहरण यांच्या साक्षी घेतल्या. पूर्ण सत्य सांगणाऱ्या आणि ज्याचे कृत्य राजकीय हेतूने घडले होते अशा गुन्हेगाराला माफी मिळू शकत होती. पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी या माफीला संविधान न्यायालयात आव्हान दिले आणि ते हरले. अभ्यासक महमूद ममदानी यांनी त्या काळातच दाखवून दिले होते की, या रचनेत अत्याचारी आहेत आणि बळी आहेत, परंतु लाभार्थी कुठेच नाहीत. गोऱ्यांच्या भागात वावरण्याचा सरकारी परवाना, म्हणजे पास, नसल्याबद्दल तुरुंगात गेलेले लक्षावधी, घरातून काढले गेलेले लक्षावधी, हे त्या व्याख्येत ‘बळी’ ठरलेच नाहीत. आणि ज्याने कोणावर हात उगारला नाही, पण रिकामे झालेले घर स्वस्तात घेतले, त्याला कोणताच प्रश्न विचारला गेला नाही.

आयोगाने संपत्ती कराचा पर्यायही सुचवला होता. तो कधीच आला नाही. ज्या बळींची अधिकृत नोंद झाली त्यांना सहा वर्षे वार्षिक मदत द्यावी, या शिफारशीऐवजी २००३ साली सरकारने एकदाच ३०,००० रँड दिले.

वाचनमग्न

उत्तम चर्चा. एक विचारायचे होते: २०२५ मध्ये जमीन हिसकावण्याचा कायदा झाला आणि गोरे शेतकरी निर्वासित म्हणून अमेरिकेत गेले, अशा बातम्या आल्या. त्यात तथ्य किती?

पांथस्थ

वाचनमग्न, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी संपादन कायद्यावर स्वाक्षरी केली. वर्णभेदाच्या काळातील १९७५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. भरपाईशिवाय संपादन त्यात शक्य आहे, पण मालकाने सोडून दिलेली किंवा केवळ सट्ट्यासाठी अडवून ठेवलेली जमीन अशा मर्यादित परिस्थितींत, आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली. फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी आफ्रिकानेरांना निर्वासित दर्जा देण्याचा आदेश काढला आणि मे महिन्यात ५९ जणांचा पहिला गट तिथे पोहोचला. देशाच्या शेतजमिनीचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या समाजाकडे आहे, त्याला पीडित मानले जाणे, हे या धाग्याच्या विषयाचेच एक रूप आहे. पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेले झुकते माप सवयीचे झाले की समतेकडे टाकलेले पाऊलही छळ वाटू लागते. शेतांवरील खून भयंकर आहेत आणि त्यांचा तपास व्हायलाच हवा. पण त्या देशात खुनाला बळी पडणाऱ्यांत फार मोठी बहुसंख्या कृष्णवर्णीय गरिबांची आहे, आणि त्यांना कोणी विमान पाठवलेले नाही.

केशरमाती

गरीब गोऱ्यांविषयीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो वजनदार आहे. तरी माझा प्रश्न उरतोच: आजच्या गोऱ्या तरुणाने, जो १९९४ नंतर जन्मला, नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे?

अनुज्ञा

त्याच्यावर अपराधाचा शिक्का मारावा, असे इथे कोणीच म्हटलेले नाही. प्रश्न सार्वजनिक निर्णयांचा आहे आणि त्यात तो मतदार म्हणून, करदाता म्हणून, शाळेच्या नियामक मंडळावरचा पालक म्हणून सहभागी आहे. एक उदाहरण देते. केपटाउनच्या सी पॉइंट या समुद्राकाठच्या महागड्या भागात टाफेलबर्ग नावाची प्रांतिक सरकारची जागा होती. या भागात घरकाम, पहारा, स्वयंपाक करणारी माणसे खायेलित्शासारख्या दूरच्या वस्त्यांतून पहाटे निघून येतात. १९९४ नंतर सरकारने तीस लाखांहून अधिक घरे बांधली, पण स्वस्त जमीन शहराच्या कडेलाच मिळत असल्याने बहुसंख्य घरेही तिथेच झाली. म्हणून ‘रिक्लेम द सिटी’ या चळवळीने मागणी केली की, निदान ही सरकारी जागा तरी परवडणाऱ्या घरांसाठी वापरावी. प्रांताने ती एका खासगी शाळेला १३.५ कोटी रँडना विकायचे ठरवले. २०२० साली उच्च न्यायालयाने ही विक्री रद्द केली, २०२४ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि प्रकरण संविधान न्यायालयात गेले.

विक्रीच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की, बाजारभावाने मिळणाऱ्या पैशांतून दुसरीकडे अधिक घरे बांधता येतील. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण तो मान्य केला की प्रत्येक वेळी ‘दुसरीकडे’ म्हणजे केप फ्लॅट्स, कारण मध्यवर्ती जागेचा बाजारभाव ज्या काळात चढला, त्या काळात तिथे कोणी राहायचे हे कायदा ठरवत होता. तुम्ही विचारलेल्या तरुणाचे घर सी पॉइंटमध्ये असेल, तर त्या जागेवर सामाजिक गृहनिर्माण व्हावे यासाठी नगरपालिकेच्या सुनावणीत बाजूने उभे राहणे, आणि स्वतःच्या घराचा भाव थोडा उतरला तरी ते मान्य करणे, एवढी ठोस अपेक्षा त्याच्याकडून करता येते.